उपवास : जवळ राहण्याचे व्रत

‘उपवास’ हा शब्द आपल्या घरोघरी नित्य उच्चारला जातो. परंतु त्याचा मूळ अर्थ बहुधा विस्मरणात गेला आहे. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वास’ म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे हे उपवासाचे साध्य. अन्न वर्ज्य करणे हे त्याचे साधन. एकादशीस साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली आणि मन दिवसभर बाजारात हिंडत राहिले, तर साधन पाळले गेले. साध्य मात्र हुकले.

या अर्थाच्या आधारे आजच्या एका गृहप्रश्नाचा विचार करू. दिवेलागणीस घरातील चार माणसे एका खोलीत बसतात. प्रत्येकाच्या हाती मोबाईल असतो आणि प्रत्येकाचे चित्त समाजमाध्यमांवर दूर कोठेतरी गुंतलेले असते. शरीरे जवळ आहेत. ‘वास’ मात्र जवळ नाही.

याचा सारा दोष मनाच्या दुर्बलतेवर टाकणे न्याय्य होणार नाही. पोथीचा अध्याय संपला की समाप्तीची ओळ येते आणि वाचणारा पोथी मिटतो. समाजमाध्यमांच्या पानाला अशी समाप्तीच नाही. बोट सरकवावे तो नवा मजकूर पुढे येतो. ही अखंड सरकणाऱ्या पानाची युक्ती २००६ साली अझा रास्किन या अमेरिकी रचनाकाराने योजिली आणि पुढे तिच्या परिणामांविषयी त्यानेच जाहीरपणे खेद व्यक्त केला. ज्याला अंत नाही, त्याचा अंत आपणच ठरवावा लागतो.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ५८ व्या श्लोकात कासवाचा दृष्टांत आला आहे. कासव आपले अवयव आत ओढून घेते. ते तोडून टाकीत नाही. वेळ येताच पुन्हा बाहेर काढते. मोबाईल विहिरीत टाकावा असा उपदेश यातून निघत नाही. योग्य वेळी आवरणे आणि योग्य वेळी वापरणे, एवढाच निघतो.

हे एका गावाने आचरून दाखविले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. करोनाच्या काळात मुलांचे शिक्षण मोबाईलवर आले. शाळा पुन्हा उघडल्या, तरी मोबाईल हातातून सुटेना. ऑगस्ट २०२२ मध्ये सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावातील स्त्रियांची सभा भरली आणि भोंगा बसविण्याचे ठरले. सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजे आणि घरोघरी दूरदर्शन संच व मोबाईल बंद होत. दीड तास मुलांनी अभ्यास करावा, वडीलधाऱ्यांनी वाचावे, बोलावे, ८.३० ला मोकळीक. प्रारंभी पुरुषमंडळी हसली. परंतु आशा सेविका व निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी जाऊन समजूत घातली.

यातून तीन गोष्टी शिकावयाच्या. पहिली, नियम सर्वांना सारखा असावा. वडिलांनी मोबाईल पाहत मुलास ‘अभ्यास कर’ म्हटल्यास ते वाया जाते. दुसरी, नियमास आरंभ आणि शेवट असावा. अमर्याद व्रत मोडते, मर्यादित व्रत टिकते. तिसरी, मोकळा झालेला वेळ कशाने भरावयाचा ते आधी ठरवावे. आपल्याकडे ‘शुभं करोति’ आणि परवचा यांनी तो भरत असे.

भरवेलीस याचे महत्त्व अधिक आहे. येथील मँगनीजच्या भूमिगत खाणीत काम पाळ्यांनी चालते. एक पाळीवरून परततो, तेव्हा दुसरा शाळेतून यावयाचा असतो. सारे घर एकत्र असण्याचे तास मुळातच थोडे. खाणींच्या वस्तीत भोंग्याचा अर्थ कामावर हजर व्हा असा. वडगावच्या भोंग्याने घरी हजर व्हा असे सांगितले. आपल्याला भोंगा नको. देव्हाऱ्यातील निरांजन पुरे.

सभासद कुटुंबांनी येत्या एकादशीपासून हा प्रयोग करावा. सर्वजण घरी असतील असा एक तास निवडावा. पाळी बदलेल तसा तोही बदलावा. मोबाईल फडताळात ठेवावेत. घंटी मात्र चालू असावी, कारण आजाऱ्याचा किंवा कामावरचा निरोप अडता कामा नये. दूर नोकरीस असलेल्या मुलाशी सर्वांनी मिळून बोलणे हा व्रतभंग नव्हे. तेही जवळ राहणेच आहे.

चिंतनासाठी प्रश्न : १) आपल्या घरी सर्वजण एकत्र असण्याचा तास कोणता? २) त्या तासात मोबाईल प्रथम कोण उचलतो? ३) आज घरातील वृद्धांनी काय सांगितले, हे आपणांस आठवते काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या घरी सहज देता येईल, त्या घरी हा उपवास घडू लागला असे समजावे.