सायकलचा सांगाडा आणि कार्बनचे धागे

उमरीच्या बाजाराला येणारी एखादी सायकल पाहा. कॅरियरवर पोते, हँडलला पिशव्या. तरी तिचा पोलादी सांगाडा वाकत नाही. मात्र तीच सायकल रिकामी असताना उचलली, तरी वजन चांगलेच जाणवते. सांगाडा हलका आणि तरीही ताठ करता येईल का?

भार दिल्यावर पदार्थ जितका कमी ताणला जातो, तितका तो ताठ. हा गुण यंगच्या गुणांकाने मोजतात. पोलादाचा गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, तर ॲल्युमिनियमचा ७०. त्यांची घनता अनुक्रमे ७.८ व २.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. गुणांकाला घनतेने भागा. दोन्हींचे उत्तर जवळजवळ सारखेच, म्हणजे २६ येते!

आता कार्बनचे बारीक धागे घ्या. ते एकाच दिशेने मांडून इपॉक्सी राळेत बसवले, तर गुणांक सुमारे १३० आणि घनता १.६ मिळते. भागाकार ८१, म्हणजे तिपटीहून अधिक.

पण यात एक मेख आहे. सुती रुमाल धाग्यांच्या दिशेने ओढा. तो फारसा ताणत नाही. समोरासमोरचे कोपरे धरून ओढा, लगेच ताणतो. कार्बनचेही तसेच. धाग्यांच्या आडव्या दिशेने त्याचा गुणांक १० गिगापास्कलच्या आसपासच राहतो.

म्हणून धाग्यांची दिशा विचारपूर्वक ठरवावी लागते. नळी वाकू नये म्हणून काही थर लांबीच्या दिशेने घालतात. पॅडल मारताना सांगाड्याला पीळही पडतो. ओला टॉवेल पिळताना घड्या तिरप्या पडतात, कारण पिळाचा ताण तिरपा असतो. त्यासाठी काही थर ४५ अंशांत, दोन्ही बाजूंना कललेले ठेवतात. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ख्रिस बोर्डमन यांनी कार्बन तंतूंच्या सांगाड्याच्या सायकलवर सुवर्णपदक जिंकले.

मग बाजाराची सायकलही कार्बनचीच का नसावी? ताठ वस्तू प्रत्येक धक्का सोसेलच असे नाही. पोलाद सहसा आधी वाकते; वाकलेले डोळ्यांना दिसते आणि गावातला वेल्डर ते सांधूनही देतो. कार्बनच्या थरांना आतल्या आत तडा गेला, तर तो वरून दिसेलच असे नाही, आणि पुढे सांगाडा अचानक मोडू शकतो. शिवाय किंमतही बरीच जास्त.

शर्यतीत ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब असतो, पोते वाहताना भरवशाचा. पदार्थ निवडण्यापूर्वी काम कोणते, हे आधी विचारावे.

करून पाहा : एकाच मापाचे दोन कागद घ्या. एकाची सपाट पट्टी व दुसऱ्याची नळी करून दोन पुस्तकांवर आडवी ठेवा. वजन तेवढेच असून नळी कमी का वाकते?