कवटी नसलेला गर्भ : सोनोग्राफीत काय दिसते आणि असे का घडते?



सीबीडी बेलापूरमधल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात, तर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' असा फलक दिसेल. मग गर्भवतीची सोनोग्राफी करतात तरी कशासाठी? त्याचं एक कारण आज पाहू.

सोनोग्राफीत काय दिसते?
हाडावर आदळून ध्वनिलहरी जोरात परततात, म्हणून हाड पडद्यावर पांढरे दिसते. ११ ते १४ आठवड्यांच्या तपासणीत गर्भाच्या डोक्याभोवती पांढरी गोल रेघ दिसायला हवी. ॲनेनसेफली या दोषात ती नसते. आधी उघडा मेंदू गर्भजलात तरंगताना दिसतो. पुढे तो झिजून जातो आणि डोळ्यांच्या वर डोके जणू संपतेच. डोळे बेडकासारखे वर आलेले दिसतात.

असे का घडते?
मेंदू आणि मज्जारज्जू एका नळीपासून बनतात. एक चपटी पट्टी दुमडते, तिच्या कडा जुळतात आणि गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत ही नळी बंद होते. डोक्याकडचे टोक उघडे राहिले, तर त्यावर कवटी तयार होत नाही. म्हणजे दोष दिसतो हाडात, पण सुरुवात होते नळीत! असे बाळ जन्मले तरी फार तर काही तास किंवा दिवस जगते.

उशीर झाला तर?
२०१७ च्या जानेवारीत मुंबई परिसरातली एक गर्भवती याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयात गेली. तेव्हा कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती आणि तिला २४ आठवडे झाले होते. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या मंडळाने तपासणी केली, त्यांचा अहवाल पाहून न्यायालयाने गर्भपाताला परवानगी दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाने गर्भात गंभीर दोष असल्याचे निदान केले, तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही.

टाळता येते का?
बऱ्याच अंशी, हो. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेतल्याने धोका खूप कमी होतो. पण हिशेब करून बघा: पाळी चुकल्याचे कळते तेव्हा गर्भधारणेला साधारण १४ दिवस होऊन गेलेले असतात. आणखी दोन आठवडे 'बघू, जाऊ डॉक्टरकडे' म्हणत गेले, की नळीचे काम संपलेले असते. म्हणून गोळी गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायची. आधीच्या गर्भात असा दोष असेल तर मात्रा जास्त लागते, ती डॉक्टरच ठरवतील.

घरात कुणाचं नुकतंच लग्न झालं असेल, तर आजचा हा धडा त्यांना जरूर वाचून दाखवा.