जुन्या चेनसॉचा कार्बोरेटर : इथेनॉलमिश्रित पेट्रोलच्या काळातील दुरुस्ती

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड. नवे महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. या परिसरातील रस्त्यांवर दुतर्फा जुने वृक्ष आहेत आणि उन्हाळ्यातील वावटळींत त्यांपैकी काही दरवर्षी कोसळतात. ३० मे २०२२ रोजी सफदरजंग येथे वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर नोंदला गेला व राजधानीत अनेक वृक्ष उन्मळून पडले. कोकणाने याहून मोठा आघात ३ जून २०२० रोजी सोसला. निसर्ग चक्रीवादळात रायगड किनाऱ्यावरील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा आडव्या झाल्या आणि वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित राहिला. अशा वेळी पेट्रोलवर चालणारा चेनसॉच उपयोगी पडतो. परंतु वर्षभर कोपऱ्यात पडलेले जुने यंत्र नेमके त्याच दिवशी सुरू होत नाही.

दोष बहुधा कार्बोरेटरमध्ये असतो. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो. चेनसॉ आडवा-उलटा धरून चालवावा लागत असल्याने तेथे फ्लोट चालत नाही. त्याऐवजी दोन पातळ पडदे (डायफ्रॅम) असतात. क्रँककेसमधील दाबाच्या स्पंदनांनी हलणारा पहिला पडदा टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा एका लहान तरफेद्वारे सुई उघडतो व मिटवतो आणि त्यायोगे पेट्रोलचे प्रमाण राखतो. पडदा कडक झाला की सुई पुरेशी उघडत नाही. इंजिन क्षणभर चालते आणि बंद पडते.

या जुन्या दुखण्यात अलीकडे पेट्रोलमुळे भर पडली आहे. देशातील पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठले गेले. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे इंधन पंपांवर येऊ लागले. उसाच्या शेतकऱ्याला त्यातून बाजारपेठ मिळाली, हे निःसंशय. मात्र त्याच शेतकऱ्याच्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रातील रबर या इंधनासाठी घडवलेले नाही. ते फुगते, मऊ पडते किंवा वाळून तडकते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी यांचा थर टाकीच्या तळाशी बसतो. पेट्रोल ओढणाऱ्या नळीचे टोकही तळाशीच असते आणि त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसते. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण केवळ इंधनातूनच मिळते. म्हणून पिस्टन सिलिंडरला घासून जाम होण्याचा धोका येथे खरा आहे. पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल वेगळे काढण्याचा घरगुती उपाय करू नये. त्याने उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंकही घसरतो.

कार्बोरेटर उघडण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून पाहावा. बराच वेळ दोरी ओढूनही तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. प्लगच्या छिद्रातून मिश्रणाचे काही थेंब सोडल्यावर इंजिन सुरू होऊन लगेच थांबले, तर ठिणगी व दाब ठीक असून दोष इंधनमार्गात आहे, असा निष्कर्ष काढता येतो. त्यानंतर टाकीतील गाळणी व नळी बदलावी. कार्बोरेटरवर कोरलेला क्रमांक टिपून त्याच क्रमांकाचे, इथेनॉलला टिकणाऱ्या पडद्यांचे किट घ्यावे. प्रत्येक भाग कोणत्या क्रमाने निघाला याचे छायाचित्र ठेवणे उपयुक्त ठरते, कारण पडदा व गॅस्केट यांचा क्रम दोन्ही बाजूंना सारखा नसतो. बारीक छिद्रे क्लीनर व हवेच्या दाबाने साफ करावीत. तार घालू नये. छिद्र किंचित रुंदावले तरी प्रमाण कायमचे बिघडते. तरफेची उंची उत्पादकाच्या मापानेच ठेवावी.

जोडणीनंतरचे समायोजन हे या कामातील सर्वांत नाजूक अंग होय. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने तेवढ्याच हवेला अधिक इंधन लागते. जुने समायोजन तसेच ठेवल्यास मिश्रणात इंधन कमी पडते व इंजिन तापते. ‘एच’ अक्षराचा स्क्रू डावीकडे थोडा थोडा सैल करावा. भार नसताना पूर्ण वेगात आवाज किंचित फाटका यावा आणि लाकडात पाते शिरताच तो स्वच्छ व्हावा, ही कानाची कसोटी आहे. तीक्ष्ण, चढत जाणारा आवाज ऐकायला सुखद वाटतो, पण तो धोक्याचा असतो. मंद वेगावर साखळी फिरता कामा नये. हे सर्व करूनही वेग आपोआप चढत-उतरत राहिला, तर क्रँकशाफ्टचे सील हवा खात आहेत का ते तपासावे. अशा यंत्राच्या कार्बोरेटरवर वेळ घालवणे व्यर्थ आहे.

दुरुस्त झालेल्या जुन्या चेनसॉला साखळीचा ब्रेक मात्र लाभत नाही. तो १९७० च्या दशकात रुळला; त्याआधीची बहुतेक यंत्रे त्याविना आहेत. वादळात पडलेले खोड ताणाखाली दबलेले असते व पाते उसळण्याचा संभव तेथेच सर्वाधिक असतो. त्यामुळे असे यंत्र सुट्या ओंडक्यांसाठी राखावे आणि अडकलेली झाडे ब्रेक असलेल्या यंत्राने कापावीत. काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे पडद्यांपाशी इंधन साचून राहत नाही.