पाणी : पदव्युत्तर अभ्यासाचा विषय

जव्हार तालुक्यातील वावर हे गाव १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे महाराष्ट्राला ठाऊक झाले. कुपोषणाइतकीच या मुलखाची जुनी व्यथा पाण्याची आहे. पावसाळ्यात सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरी उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर विहिरी तळ गाठतात.

साधा हिशेब करून पाहू. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. अडीच हजार मिलिमीटरचे अडीच कोटी लिटर होतात. पाचशे वस्तीच्या पाड्याला माणशी ५५ लिटरप्रमाणे उन्हाळ्याचे १२० दिवस ३३ लाख लिटर पुरतात. एका हेक्टरवरचा पाऊस या गरजेच्या साडेसात पट भरतो! मग तो जातो कुठे? खाली कठीण काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पाणी मुरते ते झिजलेल्या खडकात व भेगांत, तेही थोडेच. उरलेल्यातले काही वैतरणेला मिळते. त्याच नदीवर मोखाड्यातील कोचाळे येथे २०१४ साली पूर्ण झालेले मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागवते.

हे कोडे सोडविणारे शास्त्र शिकता येते. मुंबईच्या आयआयटीतील 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात एम.टेक.चे विद्यार्थी भूजल, पाणलोट, नळयोजनांचा आराखडा व खर्च यांचा अभ्यास करतात आणि गावात राहून मोजमाप घेतात. उत्तर कर्जत व मोखाड्याच्या पाणीयोजनांवर तेथे काम झाले आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने जलधोरण व जलशासन हा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभारला. तेथे पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न पाठ्यविषय होतो. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपले प्रत्येक मूल सांगते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात श्रमखाते सांभाळताना त्यांनी दामोदर व महानदी खोऱ्यांच्या नियोजनाला दिशा दिली, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला, हे मात्र आपल्या व्याख्यानांतून क्वचितच ऐकू येते. ते अभियंता नव्हते; अर्थशास्त्राचा अभ्यासक नदीखोऱ्याचा एकत्रित विचार करत होता.

पालकांनी एवढे ध्यानी घ्यावे : एम.टेक.साठी सहसा अभियांत्रिकी पदवी व गेट परीक्षा लागते व अध्यापन-साहाय्यक श्रेणीत प्रवेश मिळाल्यास दरमहा विद्यावेतन मिळते. तयारी पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच करावी.