शोकाला लागणारा वेळ
(एका दुर्लक्षित ध्वनिमुद्रिकेचा परिचय)

ज्या वाद्यवृंदाचे नावच ‘डिसएम्बॉवेलमेंट’, म्हणजे कोथळा बाहेर काढणे, असे आहे, त्याच्याविषयी महाविद्यालयाच्या अंकात लिहावे की नाही, या विचारात मी बरेच दिवस होतो. नाव वाचून वाचकांनी पान उलटू नये, एवढी विनंती आरंभीच करतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. रॉक संगीतातील ‘डूम मेटल’ या प्रकाराचे मूळ बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाच्या १९७० सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत शोधले जाते. संथ लय आणि जड गिटार ही त्याची खूण. ‘डेथ मेटल’ १९८० नंतरच्या दशकात मुख्यतः अमेरिकेत वाढले. त्यात वेग अफाट, आणि गाणे म्हणजे घशाच्या तळातून येणारी गुरगुर. १९९० च्या सुमारास या दोन प्रवाहांचा संगम झाला. त्या संदर्भात ‘पॅराडाइज लॉस्ट’, ‘माय डाइंग ब्राइड’ या इंग्लिश वृंदांची नावे नेहमी घेतली जातात. मेलबर्नच्या चार तरुणांनी १९९३ साली काढलेली ‘ट्रान्सेन्डन्स इंटू द पेरिफेरल’ मात्र त्या मानाने मागे राहिली. हा त्यांचा एकमेव पूर्ण संग्रह. तो निघाला आणि वृंद मोडला. २००५ साली त्यांचे संगीत पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे नव्या श्रोत्यांपर्यंत ते पोहोचले.

संग्रहात सात रचना आहेत. आमच्या गावच्या भजनात लय संथ सुरू होते आणि शेवटी टाळ-मृदंग एकच कल्लोळ करतात. येथे पुष्कळदा उलटे घडते. पॉल मॅझिओटा यांचे ढोलवादन तुफान वेगाने चाललेले असते, आणि एकाएकी वेग कोसळतो. एक ठोका पडतो. पुढचा येईपर्यंत गिटारचा घुमार तेवढा उरतो. रेनाटो गॅलिना यांची गुरगुर त्या घुमारात दुरून आल्यासारखी वाटते. वातावरण निर्माण होते ते याच रिकाम्या जागेतून.

यातील चौदा मिनिटांहून मोठ्या एका रचनेचे नाव आहे ‘अ बरिअल अॅट ओर्नां’. अर्थ कळेना म्हणून मी इतिहासाच्या सरांना विचारले. त्यांनी ग्रंथालयातील एका पुस्तकात गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराचे याच नावाचे चित्र दाखवले. कूर्बे यांनी ते १८४९-५० मध्ये काढले. ओर्नां हे त्यांचे जन्मगाव. चित्र सुमारे ३ मीटर उंच आणि ६ मीटरांहून अधिक रुंद आहे. एवढा पट त्या काळी राजे, देवदेवता आणि लढाया यांच्यासाठी राखीव असे. कूर्बे यांनी त्यावर गावातली साधी माणसे एका दफनविधीला उभी केली. पॅरिसच्या प्रदर्शनात त्यावर कुरूपतेचा आरोप झाला.

हे ऐकले आणि रचनेचा संथपणा मला समजला. चित्रकाराने साध्या माणसाच्या मरणाला भिंतभर जागा दिली. या तरुणांनी शोकाला वेळ दिला.

येथे एक खाजगी गोष्ट लिहितो. आमचे घर ऊसतोडीचे. कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गेल्या हंगामात आजा वारला. मुकादमाची उचल घेतलेली होती. तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली आणि चौथ्या दिवशी आईवडील फडावर गेले. मीही परीक्षेसाठी परतलो. “रडत बसून पोट भरतं का?” असे आई म्हणाली, आणि ते खरेच होते.

पुढे एका रात्री वसतिगृहात दिवे मालवल्यावर मोबाईलवर ही रचना ऐकली. गायकाचा एक शब्दही कळला नाही. हा या संगीताचा दोष मानणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही. काही ठिकाणी लांबण मलाही जाणवते. पण त्या चौदा मिनिटांत मी आज्याजवळ बसलो होतो. घरी त्या चार दिवसांत ते जमले नव्हते.

ज्यांना हा निव्वळ गोंगाट वाटेल, त्यांनी निदान ही एक रचना सवडीने, मध्येच न थांबवता ऐकावी. मग खुशाल गोंगाट म्हणावे.