जुन्या जीपचा गंज : मिरगाआधी उरकायची कामं

सभासद बांधवांनो, होडीची डागडुजी आपण वेळेवर करतो, पण मासळी वाहणाऱ्या गाडीकडे बघायचं राहून जातं. अनमोड घाट चढून लोंढा, गुंजी, खानापूरमार्गे बेळगावला माल नेणारी जुनी जीप किंवा कमांडर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हा पाठ जरूर वाचावा.

गंज एवढा लवकर का चढतो?
लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतो. पाण्यात मीठ असेल तर हे काम कितीतरी वेगाने होतं. क्रेटमधून गळणारं बर्फाचं पाणी खारट असतं, ते फळीखालून थेट चासीवर उतरतं. त्यात खानापूर तालुक्याचा पाऊस आणि चॅनेलमध्ये साचलेला लाल चिखल. वरून रस्ता वाळला तरी आतला चिखल दिवसेंदिवस ओला राहतो.

आधी तपासा
गाडी सपाट जागी जॅक लावून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. छोट्या हातोडीने चासी ठोकत जा. टणटण आवाज आला तर पत्रा शाबूत, दबका आला किंवा पापुद्रे पडले तर आतून खाल्लेला. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची जागा, बॉडी माउंट आणि मागचा क्रॉस मेंबर नीट बघा.

सर्वांत महत्त्वाचे ब्रेकचे लोखंडी पाईप. क्लिपखाली चिखल धरून तिथेच ते खातात. भरल्या गाडीने घाट उतरताना पाईप फुटला तर काय होईल ते सांगायला नको. खड्डे पडलेला पाईप घासून रंगवू नका, सरळ बदला.

दुरुस्ती
१. गाडी गोड्या पाण्याने खालून धुवा, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मीठ आत ठेवून रंग मारला तर रंगाखाली गंज चालूच राहतो.
२. वायर ब्रश किंवा ग्राइंडरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. चष्मा आणि मास्क लावा.
३. खाचाखोचांत गंज उरलाच तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या.
४. भोक असेल तर कुजलेला भाग कापून, चांगल्या पत्र्यापर्यंत जाऊन नवा तुकडा वेल्ड करा. पुट्टी भरून भोक झाकणं म्हणजे दुखणं लपवणं. चासीचं वेल्डिंग जाणत्या माणसाकडूनच करा. आधी बॅटरीच्या वायरी काढा आणि डिझेल टाकी दूर ठेवा.
५. दोन हात इपॉक्सी प्रायमर, वर रंग. नुसता रेड ऑक्साईड मारून गाडी पावसात काढू नका, त्यातून ओल झिरपते.

होडीला लावतो तशी जस्ताची वडी जीपला चालेल का, असं काही जण विचारतात. नाही चालत. ती वडी पाण्यात बुडलेली असते म्हणून काम करते. जीपसाठी जस्ताचं प्रायमर असतं, पण तेही स्वच्छ, उघड्या लोखंडावरच लागलं पाहिजे. त्याखाली रस्ट कन्व्हर्टर नको.

जळक्या ऑईलचं काय?
चासीवर जळकं ऑईल मारायची आपल्याकडे सवय आहे. ते रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर ब्रेक धरत नाही, आणि धुपून शेवटी ओढ्या-नदीत जातं. मासे तिथेच वाढतात हे आपण विसरायचं नाही. त्यापेक्षा चॅनेलच्या आत मेणाचं अँटी-रस्ट कोटिंग फवारा.

रोजची सवय
• फेरी संपली की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुणे.
• क्रेटखाली कडा असलेला ट्रे, आणि त्याचं पाणी नळीने गाडीबाहेर.
• चासी व दरवाज्यांची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करणे.
• पावसाळ्यात पाटे व जॉइंटच्या निपलांना वरचेवर ग्रीस. जुना मळ बाहेर येईपर्यंत मारा.
• ओढ्यातून गाडी काढली असेल तर गिअर व डिफरन्शियलचं ऑईल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला.
• ब्रेक ऑईल ओल शोषतं आणि पाईप आतून गंजतो. दर दोन वर्षांनी बदला.

मिरगाआधी एकदा आणि गणपती झाल्यावर एकदा, एवढं ठरवून केलं तरी जुनी जीप बरीच वर्षं साथ देईल. पासिंगलाही त्रास होणार नाही.

तुमच्या गाडीला गंज कुठे जास्त धरतो ते खाली लिहा, आणि जीपवाल्या दोस्तांना हे पाठवा.