थीम एक, तरी डाउनलोड सापडेना

प्रश्न : आमच्या गटाची तीन मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहेत. तिन्हींच्या वेबसाइटना एकच थीम दिली, तरी लोक ‘डाउनलोड कुठे?’ विचारतात. सगळं नव्यानं बांधावं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : अजिबात नको. थीममुळे रंग जुळले, पानांच्या जागा जुळवायच्या राहिल्या. अपाची फाउंडेशनच्या मुक्तस्रोत प्रकल्पांच्या साइट दिसायला वेगवेगळ्या, पण परवाना आणि सुरक्षा यांचे दुवे प्रत्येकीवर सक्तीचे. तुम्हीही डाउनलोड, डॉक्युमेंटेशन, सहभाग, परवाना असा मेनू तिन्हीकडे त्याच क्रमानं ठेवा. डॉक्युमेंटेशनसाठी जँगो या वेब फ्रेमवर्कची विभागणी बघा : धडे, विषयवार माहिती, संदर्भ आणि ‘हे कसं करावं’. लहान प्रकल्पाला चारही कप्पे लगेच लागत नाहीत. रिकामं पान नसलेलंच बरं. पानांचे पत्ते बदलाल तर रिडायरेक्ट मात्र लावाच, नाहीतर लोकांनी जपलेले दुवे तुटतील.